धागा : देवाने दिलेलं देवाला परत कसं द्यायचं? शिलाईचं दान धरायचं का?

शिवणवाली_कळवा (पहिली पोस्ट)

सगळ्यांना सलाम. बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कळव्याला राहते, माहेर राहुरीकडचं. घरी मशीन आहे, ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म अशी कामं घेते. मिस्टर रिटायर झालेत, पेन्शन थोडीच आहे. गेल्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीच्या सणाचं दानार्पण झालं. आधी महिनाभर फॉर्म फिरत होता, घरटी निदान दोन हजार तरी द्या असं सांगत होते, आणि सणाच्या दिवशी उपासना संपल्यावर नावं आणि आकडे माईकवर वाचले. मी तीनशे टाकले होते पाकिटात. माझं नाव वाचलं नाही कारण हजाराच्या खालची नावं "इतर" म्हणून एकत्र धरली होती. घरी येईपर्यंत काही वाटलं नाही पण रात्री झोप लागेना.

गावाकडचा कापणीचा सण आठवत बसले. वडील बैलगाडीतून ज्वारीचं पोतं आणायचे, कोणी कोंबडी, कोणी भोपळा, कोणी नुसती अंडी रुमालात बांधून, आणि मग देवळाच्या (गावाकडे चर्चला देऊळच म्हणतो) पटांगणात लिलाव. एक अंडं दहा वेळा विकलं जायचं कारण घेणारा परत दान करायचा. तिथे कोणाचं किती हे सगळ्यांना दिसायचं, पण कोणाला लाज वाटायची नाही, कारण जे शेतात झालं तेच आणलं, त्यात माणसाचं काय आहे, पाऊस त्याचा. आता इथे आम्ही सगळे फ्लॅटमधले. तुर्भ्याच्या मार्केटमधून अननस आणि सफरचंदं विकत आणतो आणि वेदीपुढे मांडतो, ते काही आमचं पीक नाही.

मग मी विचार केला माझं पीक काय, तर हे हातच. आईने शिकवलं, आईला तिच्या सासूने. मी सोळा वर्षं क्वायरचे झगे शिवते, वेदीवरची कापडं, संडे स्कूलच्या नाताळच्या नाटकातले मेंढपाळ आणि देवदूत सगळे माझ्याच मशीनवरून गेलेत, शिलाई कधी घेतली नाही. तर प्रश्न असा की हे दान धरायचं की नाही? धरायचं तर मोजायचं कसं? आणि सगळ्यात जास्त टोचतंय ते हे की मी मोजायला बसले आहे हेच मुळात चुकतंय का?

घणसोलीकर

ताई, तुमचं वाचून गलबलून आलं. मोजायला बसलात म्हणून स्वतःला दोष देऊ नका, नाव गाळलं की कोणीही मोजायला बसेल.

बायबलमधल्या निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेलची गोष्ट आहे ना, निवासमंडप म्हणजे उपासनेचा तंबू बांधायला देवाने त्याला नावाने बोलावलं आणि आपल्या आत्म्याने भरलं. तो संदेष्टा नव्हता, याजक नव्हता, कारागीर होता. सोनं, रुपं, पितळ, लाकूड, आणि त्याच्या जोडीचा अहलियाब विणकाम-भरतकाम करणारा. पुढे पस्तिसाव्या अध्यायात बायकांनी आपल्या हाताने सूत कातून आणलं असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे सुताची नोंद पवित्र शास्त्रात झाली आहे. झग्यांची नोंद तुमच्या मंडळीने केली नसेल.

खजिनदार_ऐरोली

मी एका छोट्या मंडळीचा खजिनदार आहे म्हणून दुसरी बाजू सांगतो, ताईंनी राग मानू नये.

आमच्याकडे थैली फिरली की दोन माणसं मिळून मोजतात, रजिस्टरला दोघांच्या सह्या होतात, पाकिटावर नाव असेल तर पावती फाडतो, आता निम्मे लोक क्यूआर कोडवर देतात त्याचं वेगळं स्टेटमेंट काढतो. मंडळी जर पब्लिक ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर १९५० च्या कायद्याखाली हिशेब तपासून घ्यावे लागतात. त्यामुळे कोणी किती दिलं हे लिहिलेलं असलंच पाहिजे, आणि ते सभासदाला बघायला मागितलं तर मिळालंच पाहिजे. जिथे हिशेब झाकलेला असतो तिथे काय होतं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पण माईकवर वाचणं ही वेगळी गोष्ट. ती कोणत्याच कायद्यात नाही. आमच्याकडे पण पूर्वी वाचायचे, मीच बंद करायला लावलं, कारण एक आजोबा यायचे बंद झाले. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळलं की मुलाची नोकरी गेली होती आणि मागच्या वर्षीपेक्षा कमी आकडा सगळ्यांसमोर वाचला जाईल ही त्यांना भीती होती.

एक मात्र खरं बोलतो. लाईट बिल, पाळकसाहेबांचा पगार, छताची डागडुजी हे शिलाईने भागत नाही, रोखच लागते. त्यामुळे हाताचं काम देतो म्हणून पैसा देणार नाही असं कोणी म्हटलं तर ते मला पटणार नाही. ताईंनी तसं म्हटलेलं नाही हे मला समजतं.

आगेरा_ठाणे

मी कॅथलिक, ईस्ट इंडियन, ठाण्याचाच. तुम्ही कापणीचा सण म्हणता त्याला आमच्यात आगेरा म्हणतात, ऑक्टोबरचा पहिला रविवार. भाताच्या पहिल्या लोंब्या कापून फादर आशीर्वाद देतात, मग वाजतगाजत चर्चमध्ये आणतात. माझ्या आजोबांची भातशेती होती, आता तिथे टॉवर आहे, लोंब्या दुसरीकडून मागवाव्या लागतात. म्हणून ताईंचं ते अननसाचं वाक्य मला लागलं, आमची पण तीच गत आहे.

पण एक सांगू का, आमच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, भाकर आणि द्राक्षारस अर्पण करताना फादर जी प्रार्थना म्हणतात ना, त्यात भाकरीला भूमीचं फळ म्हणतात आणि लगेच माणसाच्या हातांचं काम असंही म्हणतात. गहू कोणी नुसता वेदीवर ठेवत नाही. तो दळलेला, मळलेला, भाजलेला असतो. देवाने दिलेल्यात माणसाचा घाम मिसळला की त्याचं अर्पण होतं असं मला लहानपणी आईने सांगितलं होतं आणि ते कधीच विसरलो नाही. तुमचं कापड बाजारातलं असेल ताई, पण टीप तुमची आहे.

नेरूळ_पूर्व

या धाग्यावर एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझा थोरला भाऊ एका मोठ्या सभेत जायला लागला होता, नाव घेत नाही. तिथे सांगायचे की दान म्हणजे पेरणी, जितकं पेराल त्याच्या शंभरपट उगवेल, हजार द्या लाख येतील. भावाचा धंदा बुडत होता. त्याने वहिनीचे दागिने गहाण टाकून "पेरणी" केली. काहीच उगवलं नाही. नंतर त्याला सांगितलं तुझा विश्वास कमी पडला. तो माणूस आज कोणत्याच देवळात पाय ठेवत नाही, प्रार्थनेचं नाव काढलं की उठून जातो.

दोन वर्षं मी स्वतः हे सगळं वचन काढून वाचलं. मलाखीत आहे दशांश आणा आणि माझी परीक्षा बघा, हो आहे. पण त्या दशांशाचं काय करायचं होतं ते बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, चौदाव्या अध्यायात आहे, तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवायचा आणि लेवी (देवाच्या सेवेला नेमलेले, ज्यांना स्वतःची जमीन नव्हती), परका, अनाथ, विधवा यांनी येऊन पोटभर खायचं. ते कोणी स्टेजवरून वाचत नाही. आणि ईयोबाच्या पुस्तकात देव सरळ विचारतो की मला आधी कोणी काही दिलंय का, की मी त्याची फेड करावी? रोमकरांसच्या अकराव्या अध्यायात पौल तेच परत विचारतो. देवाशी उधारीचा व्यवहार होत नाही. त्याच्याकडून येणं बाकी आहे असं म्हणायला आपण आधी काहीतरी आपलं स्वतःचं द्यायला हवं, आणि आपलं असं काही नाहीच.

शिवणवाली_कळवा

सगळ्यांचे आभार. नेरूळच्या दादा, तुमच्या भावासाठी प्रार्थना करते, खरंच करते.

खजिनदार दादांचं मला पटलं. मी तीनशे दिले ते पण मनापासून दिले, पुढेही देईन. पण स्तोत्र ११६ मध्ये विचारलंय ना, परमेश्वराने माझ्यावर एवढे उपकार केले, त्याचा उतराई मी कसा होऊ? हा "उतराई" शब्द माझ्या वडिलांच्या तोंडी सारखा असायचा. सावकाराचं फिटलं की म्हणायचे उतराई झालो. आता देवाचं कधी फिटणार? फिटणारच नसेल तर आपण देतो ते नक्की काय आहे? हप्ता तर नाही ना? माझं सगळं तिथेच अडतंय.

वाशी_सेक्टर_नऊ

मी काही पाळक नाही, सेमिनरीत दोन वर्षं शिकलो आणि घरच्या अडचणीमुळे सोडलं, पण या विषयावर वाचलेलं आहे म्हणून जरा लांब लिहितो.

मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला दृष्टांत घ्या. धनी परदेशी जातो, एका दासाला पाच तालांत, एकाला दोन, एकाला एक. आपण नेहमी त्या एकवाल्याला गरीब बिचारा समजतो. पण तालांत हे नाणं नव्हतंच, ते वजन होतं, आणि एका तालांताचे साधारण सहा हजार दिनार होत. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ज्याला सगळ्यात कमी मिळालं त्याच्याही हातात वीस वर्षांच्या कमाईएवढं होतं! इंग्रजीतला टॅलेंट शब्द, जो आपण आता गाण्याच्या स्पर्धांना वापरतो, तो याच दृष्टांतावरून अंगच्या गुणाला लागला.

आता तो तिसरा, एकवाला दास आपला तालांत जमिनीत का पुरून ठेवतो? त्याला पैसा उडवायचा नव्हता, चोरायचा नव्हता. तो म्हणतो तुम्ही कठोर आहात हे मला माहीत होतं, मी भ्यालो, हे घ्या तुमचं तुम्हाला. म्हणजे परत तर त्याने पूर्ण दिलं, एक पै कमी नाही! फेडच म्हणायची तर त्याची फेड चोख होती. तरी धनी रागावला. माझ्या मते ताईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. देवाला त्याची वस्तू परत नकोय. ती माणसांमध्ये फिरायला हवी आहे. जे पुरलं ते परत आलं पण कोणाच्या कामी आलं नाही.

विधवेच्या दोन टोल्यांबद्दल, म्हणजे देवळाच्या पेटीत टाकलेल्या दोन छोट्या नाण्यांबद्दल, पण बोलतो, कारण दानाच्या प्रत्येक उपदेशात त्या येतात आणि गरिबाने पण सगळं द्यावं असा अर्थ काढतात. मार्कच्या बाराव्या अध्यायात त्याच्या बरोबर आधीचं वाक्य वाचा, येशू लोकांना शास्त्र्यांबद्दल, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितांबद्दल, सांगतोय की ते विधवांची घरं गिळतात. आणि लगेच पुढे एक विधवा आपली सगळी उपजीविका पेटीत टाकते. काही अभ्यासक म्हणतात की तिथे कौतुकाइतकंच दुःखही आहे, जी व्यवस्था तिला सांभाळायला होती तीच तिचं शेवटचं घेतेय. मला ते पटतं. येशूने तिला पाहिलं हे पहिलं, आणि इतर लोकांचे आकडे त्याने मोजलेच नाहीत. दुसऱ्या करिंथकरांसच्या आठव्यात पौल यरुशलेममधल्या गरिबांसाठी वर्गणी मागतोय, तिथे तो म्हणतो की मनाची तयारी असेल तर जवळ जे आहे त्यानुसार ते मान्य होतं, जवळ नाही त्यानुसार नाही. घरटी दोन हजारचा फॉर्म छापताना हे वचन वर छापायला हवं होतं.

घणसोलीकर

दादा तो पेटीतला भाग असा कधी वाचलाच नव्हता. आज संध्याकाळी घरी परत वाचतो.

ताई, तबीथा आठवली का? प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातली, यापोची, जिला दुर्कस पण म्हणतात. ती वारली तेव्हा विधवा रडत पेत्राला काय दाखवत होत्या? तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे. दुसरं काही नाही.

खारघरची_मावशी

मी हा धागा तीन दिवस वाचतेय, आता लिहितेच. शिवणवाली, तुला तू म्हटलं तर चालेल ना गं, माझं वय सत्तरच्या पुढे आहे.

मी खारघरला राहते. इथे टाटाचं कॅन्सरचं हॉस्पिटल आहे, बाहेरगावचे पेशंट महिनोन्महिने जवळपास खोल्या घेऊन राहतात. आम्ही चार-पाच बायका आठवड्यातून दोनदा डबे नेतो, वरणभात, भाजी, मऊ पोळ्या. तिथे बायकांशी बोलताना एक अडचण सारखी ऐकते. स्तनाचं ऑपरेशन झालं की हात वर होत नाही कित्येक आठवडे. डोक्यातून घालायचा गाऊन, कुर्ता काही चालत नाही. काखेपाशी टाके, त्यातून एक नळी आलेली, तिला पाणी साठायची बाटली लावलेली, ती बाटली त्या बिचाऱ्या पिशवीत घालून हातात धरून फिरतात किंवा सेफ्टीपिनने साडीला टाचतात. ब्लाऊज तर विसराच, मुंढ्याला घासतो.

तू विचारलंस दान धरायचं का. मला त्यातलं कळत नाही. मला विचारशील तर या बायकांना पुढून उघडणारे सैल कपडे हवेत. शिवशील का?

शिवणवाली_कळवा

मावशी, तू म्हणा, बरं वाटलं. शिवते. पण मला नीट समजू दे, उगाच चुकीचं शिवून कापड वाया नको जायला.

माझ्या डोक्यात असं आलंय. कापड मऊ मलमल किंवा दोनदा धुतलेलं कॅम्ब्रिक, नवीन कडक कापड नको, खळ टोचेल. पुढे वरून खालपर्यंत उघडं. काज-बटण नको कारण एका हाताने लागणार नाही, टिच बटण लावते किंवा नाड्या. मुंढा नेहमीपेक्षा दोन-अडीच इंच खोल आणि बाही अखंड, मॅगयार म्हणतो ना आम्ही, म्हणजे मुंढ्याला जोडच येणार नाही. शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवते, दिसायला बरं नाही दिसणार पण आत काही घासणार नाही. आणि बाटलीसाठी आतून खिसा. खिसा कमरेच्या वर की खाली? बाटली केवढी असते? दोन्ही बाजूंना खिसा करू का म्हणजे डावं-उजवं बघायला नको?

खारघरची_मावशी

अगं माझ्या डोळ्यात पाणी आलं. बाटली तिथल्या एका मुलीच्या परवानगीने मापून आले, साधारण वीतभर, वर तोंडाशी अरुंद. टाक्यांच्या जागेपेक्षा खाली लटकली पाहिजे असं नर्स म्हणाल्या, म्हणून खिसा कमरेच्या खालीच दे, दोन्ही बाजूंना दे. आणि नळीला वळसा पडता कामा नये म्हणून खिशाच्या वर एक छोटी फट ठेव. काहींना दोन नळ्या असतात.

खजिनदार_ऐरोली

कापडाचा खर्च आमच्या मंडळीच्या मदत निधीतून करता येईल का ते कमिटीपुढे ठेवतो. दहा कुर्त्यांना किती मीटर लागेल तेवढं सांगा ताई, म्हणजे आकडा घेऊनच जातो. बिल मात्र पक्कं हवं.

केडगावची_नात

मध्येच लिहिते, माफ करा. माझी पणजी १९०० च्या दुष्काळात गुजरातकडून पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशन या आश्रमात आलेली, केडगावला. आई-बाप कोण हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तिला तिथे लिहा-वाचायला शिकवलं, विणायला शिकवलं, मग छापखान्यात घातलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, १९२२ मध्ये वारल्या तोपर्यंत त्याच कामात होत्या, आणि ते छापायचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. पणजी खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरांचे ठसे, जुळवायची. आमच्या घरी सांगतात की तिची बोटं म्हातारपणी पण हवेत खिळे उचलल्यासारखी हलायची.

शिवणवाली ताई, तुम्ही "हप्ता आहे का" विचारलंत तेव्हा मला ती आठवली. उपाशी पोरीला उचलून आणली, तिने रमाबाईंना काय परत दिलं असेल? काही नाही. तिने जुळवलेली पानं कुठल्या कुठल्या घरात गेली, ती वाचणाऱ्या कोणालाच तिने पाहिलं नाही.

मी वाशीला असते, शनिवारी मोकळी असते, काज-बटण येत नाही पण हाताने टाके घालता येतात.

शिवणवाली_कळवा (पाच आठवड्यांनी)

बरेच दिवस आले नाही, सगळ्यांनी विचारलं त्याबद्दल आभार.

आतापर्यंत तेवीस झाले. पहिले दोन घेऊन मी स्वतः ठाण्याहून पनवेल लोकल पकडून गेले, मावशी खारघर स्टेशनवर न्यायला आल्या होत्या. एक बीडकडची मुलगी होती, तिशीची असेल, तिने तिथेच घालून बघितला. एका हाताने घातला, आईची मदत घेतली नाही. बाटली खिशात ठेवली आणि दोन्ही हात मोकळे सोडून खोलीत इकडून तिकडे चालली, परत चालली. कोणी काही बोललंच नाही. पण खिशाची फट लहान पडत होती, नळी दबत होती, ती तिथेच कात्रीने वाढवली आणि आता सगळ्यांना अर्धा इंच जास्त ठेवते.

निघताना तिच्या आईने गावाकडून आणलेल्या ज्वारीच्या पिठाची पिशवी हातात दिली. मी नको म्हणत होते, इथे तुम्हालाच लागेल, तुम्ही परगावच्या. मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, घे गं, तिला पण देऊ दे की. घेतली. रात्री भाकरी केल्या, मिस्टर म्हणाले हे आपल्याकडच्या ज्वारीसारखं लागतंय.

मंडळीत अजून आकडे माईकवर वाचतात. मी सेक्रेटरींना भेटून नेरूळच्या दादांनी आणि वाशीच्या दादांनी लिहिलेलं सगळं सांगितलं, आजोबांची गोष्ट पण सांगितली. ऐकून घेतलं, बघू म्हणाले. पुन्हा जाणार आहे. मला माझं नाव वाचायला नकोय, पण आमच्यात पण असे कोणी आजोबा असतील.

खजिनदार दादा, एका कुर्त्याला सव्वादोन मीटर लागतं, मोठ्या मापाला अडीच. मोठ्या मापाचे कमी पडतायत. केडगावच्या ताई, शनिवारी अकरापर्यंत या, कळवा स्टेशनला उतरून पूर्वेला फोन करा, मी मुलाला पाठवते. येताना पांढरा दोरा मिळाला तर चार रिळं आणा, इथल्या दुकानात संपलाय.